मना केलेली मुळाक्षरे : फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मकथनाचा प्रकरण अभ्यास

मे १८४५ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात, गुलामगिरीविरोधी संघटनेच्या कचेरीतून, एक छोटेखानी आत्मकथन पन्नास सेंट किमतीला विक्रीस आले. लेखकाचे वय तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस असावे, पण ते त्याला स्वतःलाच नक्की ठाऊक नव्हते, आणि ही गोष्ट त्याने पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकली होती. घोड्याला स्वतःच्या वयाची जितकी माहिती असते तितकीच गुलामाला असते आणि बहुतेक मालकांना ती तितकीच असायला हवी असते, असे त्याचे म्हणणे होते. पुस्तकाच्या नावात लेखकाचा उल्लेख ‘अमेरिकी गुलाम’ असा होता आणि त्यापुढे ‘स्वतः लिहिलेले’ हे शब्द मुद्दाम जोडलेले होते.

या दोन शब्दांची गरज का पडली, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे. फ्रेडरिक डग्लस यांची गोष्ट सामान्यतः ‘शिकला आणि सुटला’ अशा सरळ चालीवर सांगितली जाते. मूळ पुस्तक काळजीपूर्वक वाचले, आणि त्यांनी १८५५ व १८८१ मध्ये लिहिलेल्या पुढच्या दोन आत्मकथनांशी ताडून पाहिले, की शिकणे आणि सुटणे यांच्यामधले अंतर दिसू लागते. अक्षर हाती आल्यावर या मुलाची स्थिती काही काळ अधिकच बिघडली, पहिल्यांदा सुटकेसाठी वापरलेले अक्षर फसले, आणि शेवटी जेव्हा तो सुटला व बोलू लागला तेव्हा त्याचे शिक्षण हाच त्याच्याविरुद्धचा संशय ठरला.

मळ्यावरचे मूल

मेरीलँड राज्यातील टॅल्बट काउंटीत टकाहो नावाच्या ओढ्याजवळ त्याचा जन्म झाला. नाव फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली. आई हॅरिएट हिला सुमारे बारा मैलांवर शेतमजुरीसाठी दिलेले होते. दिवसभराचे काम उरकून ती रात्री चालत येई, मुलाच्या शेजारी पडून राही आणि त्याला जाग येण्यापूर्वी निघून जाई, कारण सूर्योदयाला शेतावर हजर नसल्यास फटके ठरलेले होते. आईला आपण उभ्या आयुष्यात चार-पाच वेळाच पाहिले आणि तेही रात्रीच, असे डग्लस लिहितात. बाप गोरा होता एवढे सगळे जण म्हणत. तो मालक अॅरन अँथनी हाच असावा अशी कुजबुज होती, पण ती तपासून पाहण्याचा कोणताच मार्ग नव्हता.

आजी बेट्सीने त्याला सांभाळले आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास कर्नल एडवर्ड लॉईड यांच्या वाय नदीकाठच्या प्रचंड मळ्यावर नेऊन सोडले. तिथल्या मुलांना गुडघ्यापर्यंत येणाऱ्या जाड्याभरड्या सदऱ्याशिवाय काही मिळत नसे. मक्याच्या पिठाची घाटी लाकडी द्रोणीत ओतून जमिनीवर ठेवत आणि मुले शिंपल्यांनी किंवा हातांनी ती ओरपत, ज्याचा हात चालेल त्याचे पोट भरे. थंडीत तो धान्याच्या गोणीत डोके खुपसून झोपत असे, पाय बाहेर उघडे राहत. हे सांगताना डग्लस एक वाक्य लिहितात, जे या संपूर्ण पुस्तकाचे बीज वाटते: पायांना थंडीने इतक्या भेगा पडल्या होत्या की ज्या लेखणीने मी हे लिहितो आहे ती त्या भेगांत मावावी. भेगा पडलेला पाय आणि लेखणी धरलेला हात एकाच माणसाचे आहेत, हे वाचकाला मोजून दाखवण्याची ही पद्धत आहे. कोणतेही विशेषण त्यात नाही.

ह्यू ऑल्ड यांचा धडा

मार्च १८२६ मध्ये, साधारण आठ वर्षांचा असताना, त्याला बाल्टिमोर शहरात पाठवण्यात आले. मालक अँथनीच्या जावयाचा भाऊ ह्यू ऑल्ड तिथे जहाजबांधणीच्या धंद्यात होता. त्याच्या टॉमी नावाच्या लहान मुलाला सांभाळणे हे काम. ह्यूची पत्नी सोफिया लग्नापूर्वी विणकाम करून स्वतःच्या कमाईवर राहिलेली बाई होती आणि तिच्या हाताखाली यापूर्वी कधी गुलाम नव्हता. गुलामाशी कसे वागायचे असते हे तिला ठाऊकच नसल्यामुळे ती त्याच्याशी माणसाशी वागावे तशी वागली. तिने त्याला मुळाक्षरे शिकवली आणि तीन-चार अक्षरी शब्द लावायला शिकवले.

हे ह्यूच्या कानावर गेले तेव्हा त्याने तिथल्या तिथे मनाई केली. इंग्रजीत बोट दिले की हात मागण्याच्या अर्थाची एक म्हण आहे, ती त्याने वापरली. आपल्याकडे ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ असे म्हणतात, भाव तोच. (ओसरी कोणाची आणि पाय कोणाचे, हे आपल्याकडे नेमके उलटे निघाले, हा भाग वेगळा.) मग त्याने कारणे दिली. गुलामाला शिकवणे बेकायदेशीर आहे आणि धोक्याचेही आहे, तो वाचायला शिकला की गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, आवरणार नाही, आणि त्याचे स्वतःचेही भले होणार नाही, कारण तो असंतुष्ट आणि दुःखी होईल. कायद्याविषयी तो चुकत होता. दक्षिणेतील काही राज्यांत अशी कायदेशीर मनाई होती, मेरीलँडच्या कायद्यात ती नव्हती. बाकीचे सर्व बरोबर होते.

हे बोलणे मुलाच्या समोर झाले, ही ह्यूची चूक. आठ वर्षांच्या मुलाला त्या एका बोलण्यातून गोऱ्या माणसाच्या सत्तेचे मर्म कळले असे डग्लस सांगतात. आपल्याला जे देण्यास हा माणूस इतका भितो तेच मिळवायला हवे, असा त्याने अर्थ घेतला. वाचायला शिकण्याचे श्रेय ते मालकिणीच्या दयेइतकेच मालकाच्या विरोधालाही देतात. शिक्षणाच्या प्रेरणेविषयी आपण बरेच काही बोलत असतो, पण येथे प्रेरणा गुरूकडून आली नाही, तर ज्याला शिक्षण रोखायचे होते त्याच्या अचूक निदानातून आली.

सोफियाचे पुढे काय झाले हे पुस्तकात फार बारकाईने आले आहे. नवऱ्याने थांबवल्यावर ती आधी नुसती थांबली, मग मुलावर पाळत ठेवू लागली आणि शेवटी नवऱ्यापेक्षाही कडक झाली. हातात वर्तमानपत्र दिसले की धावत येऊन हिसकावून घेई. गुलामगिरीने माझे जितके नुकसान केले तितकेच तिचे केले, असा निष्कर्ष डग्लस काढतात. ज्या बाईने पुस्तक हिसकावले तिच्याविषयी हे लिहायला मनाची एक वेगळीच शिस्त लागते.

पाव देऊन अक्षर

सहा-सात वर्षे त्याने जे शिक्षण घेतले त्याला शाळा नव्हती, पंतोजी नव्हते. फिलपॉट रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांना त्याने आपले शिक्षक केले. ही मुले गरीब आणि बरेचदा भुकेली असत, तर ऑल्ड यांच्या घरी पावाला तोटा नव्हता. बाहेरच्या कामाला निघताना तो पुस्तक आणि पाव दोन्ही बरोबर घेई, काम झटपट उरके आणि पावाच्या बदल्यात धडा घेई. म्हणजे या व्यवहारात गुलामाचे पोट भरलेले होते आणि मालकाच्या जातीचे मूल उपाशी होते.

लिहिणे गोदीत सापडले. जहाजासाठी तासलेल्या लाकडावर ते कुठे बसवायचे हे सुतार एकेका अक्षराने लिहीत. डाव्या बाजूच्या लाकडावर ‘एल’, उजव्या बाजूच्या लाकडावर ‘एस’, पुढच्या भागासाठी ‘एफ’, मागच्या भागासाठी ‘ए’. ही चार अक्षरे त्याने उचलली. मग लिहिता येणारा मुलगा भेटला की मलाही तुझ्याइतके येते म्हणून पैज लावायची, आपली चार अक्षरे गिरवून दाखवायची आणि समोरच्याने जी नवी अक्षरे काढून हरवले ती टिपून घ्यायची. पाटी म्हणजे कुंपण, विटांची भिंत, फरसबंदी. लेखणी म्हणजे खडूचा तुकडा. पुढे टॉमीच्या शाळेतल्या कित्त्याच्या जुन्या वह्या घरात पडून असत. सोमवारी दुपारी सोफिया प्रार्थनासभेला गेली की टॉमीच्या ओळींमध्ये उरलेल्या जागेत तो तीच ओळ लिही, आणि त्याचे अक्षर टॉमीच्या अक्षरासारखे होईपर्यंत हे चालले. दुसऱ्याच्या वहीतली मोकळी जागा एवढीच जागा त्याला लिहिण्यासाठी मिळाली.

बाराव्या-तेराव्या वर्षी, जमवलेल्या पन्नास सेंटमध्ये, त्याने ‘कोलंबियन ऑरेटर’ नावाचे शाळकरी वक्तृत्वाचे पुस्तक विकत घेतले. १७९७ मध्ये प्रथम निघालेल्या या संग्रहात मालक आणि पळताना पकडलेला गुलाम यांचा एक संवाद आहे. त्यात मालक गुलामगिरीच्या बाजूचे सगळे मुद्दे मांडतो, गुलाम एकेक खोडून काढतो आणि शेवटी मालक त्याला सोडून देतो. वाद घालून माणूस सुटू शकतो ही कल्पना त्याला येथे भेटली. पुढे त्यांचे स्वतःचे आत्मकथन नेमके पन्नास सेंटलाच विकले गेले, हा केवळ योगायोग आहे, पण नोंदवण्याचा मोह आवरत नाही.

आणि येथेच ह्यूचे भाकीत खरे झाले. पुस्तकाने दुखणे दाखवले, औषध दिले नाही. वाचायला शिकणे हा वर नसून शाप आहे असे आपल्याला वाटू लागले, सोबतच्या गुलामांच्या अज्ञानाचा हेवा वाटू लागला, जनावर असतो तर बरे असेही मनात येई, असे डग्लस स्पष्ट लिहितात. ‘अबॉलिशन’ हा शब्द लोकांच्या बोलण्यात येई, तो मालकांना संतापवणारा काही तरी शब्द आहे एवढे त्याला समजे. शब्दकोश पाहिला तर ‘अबॉलिश करण्याची क्रिया’ असा अर्थ निघाला, म्हणजे पुन्हा अंधारच. विचारायची सोय नव्हती. पुष्कळ दिवसांनी वर्तमानपत्रात गुलामगिरी बंद करण्याच्या अर्जांची बातमी वाचून अर्थ लागला.

मराठी वाचकाला येथे महात्मा फुले आठवणे साहजिक आहे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या लोकांना उद्देशून आहे, आणि विद्या नसल्याने शूद्रातिशूद्रांचे काय झाले हा फुल्यांच्या विचाराचा पायाच होता. डग्लस यांच्या प्रकरणात त्या विचाराची दुसरी बाजू दिसते. विद्या आली, पण तिच्याबरोबर दुसरे काहीच आले नाही, अशा अवस्थेत माणसाचे काय होते, ती ही बाजू.

परवाना

१८३३ मध्ये त्याला पुन्हा खेड्याकडे, सेंट मायकेल्स येथे आणण्यात आले आणि जानेवारी १८३४ पासून वर्षभर एडवर्ड कोव्ही याच्याकडे देण्यात आले. हेकट गुलामांना वठणीवर आणणारा म्हणून या शेतकऱ्याची ख्याती होती. कोव्हीने मारून मारून त्याची वाचनाची ओढही मारली, आणि ऑगस्टमध्ये एके दिवशी या सोळा वर्षांच्या मुलाने त्याला धरले व सुमारे दोन तास झुंज दिली. त्यानंतर कोव्हीने त्याच्यावर हात टाकला नाही. शिक्षणाची गोष्ट सांगताना हा प्रसंग बाजूला ठेवण्याकडे कल असतो, कारण तो अक्षरांचा नाही. डग्लस मात्र आपण माणूस झालो तो क्षण म्हणून याच प्रसंगाकडे बोट दाखवतात.

पुढच्या वर्षी विल्यम फ्रीलँड यांच्या शेतावर असताना त्यांनी रविवारची गुप्त शाळा चालवली. चाळीसहून अधिक गुलाम तिथे वाचायला शिकत होते आणि पकडले गेले असते तर प्रत्येकाला फटके होते. याच मंडळींतील काहींनी १८३६ च्या ईस्टरच्या सुटीत होडीतून चेसापीकच्या खाडीने उत्तरेला पळण्याचा बेत केला. डग्लस यांनी प्रत्येकासाठी परवाना लिहिला. धारकाला ईस्टरसाठी बाल्टिमोरला जाण्याची पूर्ण मोकळीक दिली आहे, असा मजकूर, खाली विल्यम हॅमिल्टन या गोऱ्या मालकाचे नाव, आणि वर ‘स्वहस्ते लिहिले’ असा दाखला.

बेत फुटला. पकडताना झालेल्या झटापटीत डग्लस यांनी आपला परवाना चुलीत टाकला. वाटेत, परवान्याचे काय करू असे हेन्री या साथीदाराने हळूच विचारले, तेव्हा बिस्किटाबरोबर खाऊन टाक असे त्यांनी सांगितले, आणि सर्वांना एकच निरोप गेला, काहीही कबूल करायचे नाही. लिहिता येत होते म्हणून सुटकेचा कागद तयार झाला आणि जीव वाचवण्यासाठी तोच कागद गिळावा लागला.

परवान्यावरचे ‘स्वहस्ते लिहिले’ आणि नऊ वर्षांनी पुस्तकावर आलेले ‘स्वतः लिहिलेले’ हे शब्द एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत, असे मला वाटते. पहिल्या वेळी हात त्यांचा होता, नाव मालकाचे. दुसऱ्या वेळी हात आणि नाव दोन्ही त्यांचे होते, आणि ते नावही त्यांनी पळून गेल्यावर घेतलेले.

३ सप्टेंबर १८३८ रोजी ते खरोखर सुटले, तेव्हा कागद दुसऱ्याचाच होता. एका स्वतंत्र खलाशाचे उसने घेतलेले कागदपत्र अंगावर, खलाशाचा पोशाख, आणि बाल्टिमोरहून उत्तरेला जाणारी आगगाडी. कागदावरचे वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हते, पण तिकीट तपासणाऱ्याने नुसती नजर टाकली. ज्याने आयुष्याची सहा-सात वर्षे वाचायला-लिहायला शिकण्यात घातली त्याची सुटका समोरच्याने नीट न वाचल्यामुळे झाली.

न पटणारा गुलाम

न्यू बेडफर्ड येथे त्यांनी ‘डग्लस’ हे नाव घेतले, हमाली केली, गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते गॅरिसन यांचे ‘लिबरेटर’ हे वर्तमानपत्र वाचले. ऑगस्ट १८४१ मध्ये नँटकेट बेटावरील सभेत ते बोलले आणि संघटनेचे पगारी वक्ते झाले. काही काळातच एक विचित्र अडचण उभी राहिली. हा माणूस गुलामासारखा बोलत नाही, असे श्रोते म्हणू लागले. मालकाचे नाव सांगत नाही, गाव सांगत नाही, भाषा तर अशी शुद्ध. १८५५ च्या आत्मकथनात डग्लस सांगतात की सहकाऱ्यांनीच सल्ला दिला, तुम्ही हकिकत सांगा, तत्त्वज्ञान आमच्याकडे सोपवा. बोलण्यात मळ्यावरची थोडी ढब राहू द्या, फार विद्वान दिसू नका. म्हणजे ज्यांनी त्यांना व्यासपीठ दिले तेही शिक्षण थोडे झाकून ठेवा असे सांगत होते. हेतू निराळा होता, पण सूचना ह्यू ऑल्डच्या जवळ जाणारी होती.

पुस्तक हे याला उत्तर होते आणि म्हणून त्यात मालकांची, मुकादमांची, काउंटीची, मळ्यांची नावे जशीच्या तशी आहेत. पळालेल्या गुलामाने आपला ठावठिकाणा छापून देणे म्हणजे पकडणाऱ्याला आमंत्रण होते. प्रस्तावनापर पत्रात चळवळीतले सहकारी वेंडेल फिलिप्स यांनी लिहिले की तुमच्या जागी मी असतो तर हस्तलिखित आगीत टाकले असते. याउलट पाव घेऊन शिकवणाऱ्या मुलांची नावे डग्लस देत नाहीत. मला त्रास नाही, पण त्यांची अडचण होईल, असे सांगून ते फक्त गल्लीचा उल्लेख करतात. गुप्त शाळेसाठी घर देणाऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णीयाचे नाव नाही. पळण्याचा मार्ग तर १८८१ पर्यंत त्यांनी पूर्णपणे सांगितलाच नाही, कारण तो इतरांसाठी बंद झाला असता. कोणाचे नाव छापायचे आणि कोणाचे झाकायचे, याचा इतका काटेकोर विवेक फार थोड्या आत्मकथनांत आढळतो, आणि आत्मकथन लिहिणाऱ्या आजच्या मराठी लेखकानेही तो अभ्यासण्याजोगा आहे.

पहिल्या चार महिन्यांत सुमारे पाच हजार प्रती खपल्या. मग डेलावेअरमधून थॉम्प्सन नावाच्या एका गृहस्थाने वर्तमानपत्रात पत्र लिहून पुस्तक खोटे ठरवले. मी त्या फ्रेडरिक बेलीला चांगला ओळखत होतो, तो अशिक्षित आणि सामान्य होता, असे पुस्तक लिहिणे त्याच्या आवाक्यातले नव्हते, असा त्यांचा मुद्दा. डग्लस यांनी जाहीर उत्तरात त्यांचे आभार मानले. ज्या गोष्टीचा पुरावा आपण एवढी वर्षे देऊ शकत नव्हतो, म्हणजे आपण खरोखर त्या काउंटीतले गुलाम होतो, तो पुरावा विरोधकानेच दिला होता.

पकडले जाण्याच्या भीतीने ऑगस्ट १८४५ मध्ये ते आयर्लंड आणि ब्रिटनला गेले. तिथल्या स्नेह्यांनी ७११ डॉलर ६६ सेंट, म्हणजे त्या वेळचे १५० पौंड, देऊन डिसेंबर १८४६ मध्ये ह्यू ऑल्डकडून त्यांची कायदेशीर मुक्तता विकत घेतली. माणसाची किंमत मोजणे म्हणजे मालकी मान्य करणे, अशी टीका काही सहकाऱ्यांनी केली. ती तत्त्वतः खोडता येत नाही, पण ती करणाऱ्यांपैकी कोणाच्या मागे पकडणारे नव्हते.

चूक आणि वय

पुस्तकात एक मोठी चूक राहिली. आयुष्यभर राबलेल्या आजीला म्हातारपणी रानातल्या झोपडीत एकटीला मरायला सोडून दिले, असे डग्लस यांनी लिहिले होते आणि तो त्यातील सर्वांत हृदयद्रावक भाग होता. प्रत्यक्षात ह्यूचा भाऊ टॉमस ऑल्ड याने तिला आपल्या घरी आणले होते. हे कळल्यावर १८४९ मध्ये त्यांनी जाहीर पत्रातून चूक मान्य केली. पुराव्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात ऐकीव माहितीवर इतका भर द्यायला नको होता, असे मी म्हणेन. तरी जिवंत विरोधकाला इतक्या लवकर आणि उघडपणे न्याय देणेही सोपे नसते.

१८७७ मध्ये डग्लस सेंट मायकेल्सला गेले आणि अंथरुणाला खिळलेल्या टॉमस ऑल्डला भेटले. दोघेही हेलावले. त्या भेटीत डग्लस यांनी त्याला आपला जन्म कधीचा असे विचारले. त्याने १८१८ चा फेब्रुवारी असावा असे सांगितले. डग्लस फेब्रुवारी १८९५ मध्ये वारले, तोवर याहून नक्की उत्तर त्यांना मिळाले नव्हते. ते होते मात्र. पहिला मालक अॅरन अँथनी याच्या चोपडीत, गुलामांच्या जन्मांच्या यादीत, हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस, फेब्रुवारी १८१८, अशी नोंद तेव्हापासून लिहिलेलीच होती.